एका कॅटमध्ये पाच एक्के

बुधवारी घरी आल्यावर वही उघडली होती. "पापांबरोबर" एवढं लिहिलं आणि पेन पुढे सरकेना. आज शनिवार. आता लिहून काढते.

पापा म्हणजे माझे सासरे, एमिल एत्शार्ट. वय ब्याऐंशी. चौतीस वर्षं ते स्पार्क्स गावातल्या घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून आणायचे. कुत्री चुकवत, उकिरड्यातून वाट काढत. एकदाही आकडा चुकला नाही, असं सासूबाई अभिमानाने सांगायच्या. त्या गेल्यापासून पापा डोंगरातल्या घरात एकटेच असतात. तिथे बस जात नाही. माझा नवरा मार्टिन त्यांना सरळच म्हणाला होता, "गाडी आहे तोवर घर. शुक्रवारी लायसन्ससाठी डोळे तपासणार आहेत. नापास झालात की घर विकायचं आणि आमच्याकडे यायचं."

"डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या?" पापा म्हणाले होते.

दर बुधवारी सकाळी दहाला ते कॅसिनोत पोकर खेळतात. त्यांच्यासोबत कुणीतरी असू दे, एवढं एकच सासूबाईंनी शेवटच्या आजारात माझ्याकडे मागितलं. म्हणून पापा मला घरून घेतात आणि मी टेबलाशेजारच्या कठड्याबाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसते. सहा वर्षं हेच चाललंय. खेळ मला पाठ झालाय. हेसुद्धा चर्चमध्ये फादरना कबुलीत सांगून झालंय.

त्या बुधवारी कॅसिनोकडे जाताना शाळेपुढच्या क्रॉसिंगवर मुलांना रस्ता ओलांडून देणारी, पिवळ्या जॅकिटातली बाई थांबण्याची पाटी घेऊन उभी होती. तिने मागे उडी मारली, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

"मध्येच काय उभी राहते ही!" पापा म्हणाले.

मी देवाचं नाव घेतलं आणि पुढचा मणी ओढला. एवढंच केलं.

टेबल नेहमीचंच. नाकात ऑक्सिजनची नळी लावून व्हर्ना, पूर्वी मालट्रक चालवणारा टग, आणखी चारपाच म्हातारे. पत्ते वाटायला मारिविक. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात, पाच पानं मध्ये सगळ्यांसाठी उघडी पडतात. आधी दोन-दोन डॉलर लावायचे, मग चार-चार. त्याहून जास्त लावताच येत नाहीत, त्यामुळे कुणाचं घर बुडत नाही. पालथी पानं कुणी उचलत नाही. तळहाताच्या आडोशाने कोपरा वर करायचा, तिथला आकडा बघायचा आणि पान खाली ठेवायचं.

पापांना इथे खडक म्हणतात. दहातले नऊ डाव ते पानं टाकून देतात आणि कॉफी पितात. त्यांनी पैसे वाढवले की बाकीचे निमूट पानं टाकतात. खडक हलला म्हणजे त्याच्या हातात काहीतरी भारी आहे, हे वीस वर्षांत सगळ्यांना कळलंय. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी आपली कोपऱ्यातली जागा सोडून दिव्याखालची मागून घेतली, तेव्हा टग म्हणाला होता, "म्हाताऱ्याला आता ऊन लागतंय." सगळे हसले होते. मीसुद्धा.

बुधवारी खडक हलतच राहिला.

पहिल्या तासात त्यांनी सात वेळा पैसे वाढवले. सातही वेळा समोरच्यांनी पानं टाकली. पैशांऐवजी लावायच्या लाल चकत्यांचा ढीग त्यांच्या कॉफीच्या कपाएवढा झाला.

"काय रे खडका, आज एक्के तुझ्याकडे मुक्कामाला आलेत काय?" टग म्हणाला.

"येतायत तर येऊ देत," पापा म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुलून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मी राण्यांची जोडी टाकली, ठाऊक आहे?" व्हर्ना नळी सारखी करत म्हणाली. "फक्त तुझं थोबाड बघून."

"माझं थोबाड स्वस्त नाही, बाई."

मी जप थांबवून त्यांच्याचकडे बघत होते. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण त्यांनी केलेला हा पहिला विनोद मी ऐकला.

साडेअकराच्या सुमारास एक पाहुणा येऊन बसला. सॅक्रामेंटोचा, बायको खरेदीला गेलेली. त्याला खडकबिडक काही माहीत नव्हतं. पापांनी वाढवलं, यानेही वाढवलं. मध्ये पानं उघडली. नव्वी, दुर्री, चौकी. पापांनी परत वाढवलं. पाहुण्याने परत. बाकीचे हात आवरून बघत राहिले. चौथं पान पडलं, पाचवं पडलं, चकत्या मध्ये येतच राहिल्या आणि शेवटी पाहुणा म्हणाला, "बास आजोबा, दाखवा."

पापांनी दोन्ही पानं उलटली. आवाज इतका ठाम होता की मला बाकावर स्पष्ट ऐकू आला. "तीन एक्के. दोन हातातले आणि एक मधला."

पाहुण्याने आपली पानं उलटली. इस्पिकचा एक्का आणि बदामचा एक्का.

व्हर्नाच्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज मला बाकापर्यंत येत होता. पाहुण्याची मान आधी लाल झाली. मग पापांच्या पानांकडे नीट न बघताच तो मारिविककडे वळला. "एका कॅटमध्ये पाच एक्के? कसली जागा आहे ही?"

मारिविकने दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले. काही वादग्रस्त झालं की ते तसे ठेवायचे असतात. मग बोटाने पापांची पानं पुढे सरकवली. मी कठड्याशी कधी उभी राहिले, मला आठवत नाही.

"चौकी," ती म्हणाली. "चौकी. आणि मध्ये चौकी. तीन चौक्या. तोंडाने काय म्हटलं ते धरत नाहीत, पानं दिसतील ते खरं. दोन एक्क्यांवर तीन चौक्या भारी. मिस्टर एमिल जिंकले."

तिने तो अख्खा ढीग पापांच्या पुढे ढकलला. दिवसातला सगळ्यात मोठा.

कुणी हसलं नाही. सात डाव त्यांनी कशापुढे पानं टाकली होती, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. पापांनी दोन्ही पानं उचलली. इथे कुणी पान उचलत नाही. त्यांनी ती नाकाजवळ नेली, मान एका बाजूला वळवून डोळ्याच्या कडेने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चौकी," ते म्हणाले.

आणि मला ते क्रॉसिंग आठवलं. या माणसाने दोन तासांपूर्वी मला नऊ मैल गाडीतून आणलं होतं. आणि मी मणी मोजत होते. मी कठडा धरून ठेवला.

पापा चकत्या व्हर्नाकडे सारू लागले. "तुझ्या राण्यांचे. आणि टग, तुझे किती गेले?"

"तसं देता येत नाही, मिस्टर एमिल," मारिविक हळूच म्हणाली. "जिंकलेलं टेबलावर वाटता येत नाही."

"मी जिंकलो कुठे?"

"ठेव रे," व्हर्ना म्हणाली. "वीस वर्षं तुझी बोअर संगत सोसली, त्यातून वजा कर. पुढच्या बुधवारी मोठ्या आकड्यांचा कॅट मागून ठेवते. माझ्यासाठी म्हणून मागते, समजलं? नाहीतर तू लाजशील."

"आणि आता मी तुझ्यापुढे एकही पान टाकणार नाही, थेरड्या," टग म्हणाला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

एकशे साठ डॉलरच्या वर झाले होते. पापांनी त्यातले साठ मारिविकला दिले. ती नको म्हणाली तरी दिले.

बाहेर कडक ऊन होतं. सवयीने पापा गाडीच्या डाव्या, चालकाच्या बाजूला गेले, किल्ली हातात.

"पापा, किल्ली द्या."

"लोरेटा, रस्त्यावर काही पत्ते नसतात."

"सकाळी ती बाई दिसली होती तुम्हाला? पिवळ्या जॅकिटातली?"

ते टपावर हात ठेवून उभे, जणू गाडी पळून जाईल.

"पिवळं दिसलं," शेवटी म्हणाले. "बाई आहे ते नाही दिसलं. मला वाटलं खांब आहे."

मी तिथेच, पार्किंगमध्ये, मोठ्याने रडले. त्यांनी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. पट्टा त्यांना लावता येईना. त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते.

निम्म्या वाटेवर म्हणाले, "मार्टिनला सांग, वरच्या घराला विकायची पाटी लाव म्हणावं."

"आज नाही सांगत."

"आजच सांग. उद्या माझा विचार बदलेल."

सांगितलं. गुरुवारी त्यांनी स्वतः फोन करून तपासणी रद्द केली. काल मार्टिन त्यांची खाट घेऊन आला आणि मी शिवणाची खोली मोकळी केली. कपाट उपसताना पत्त्यांचा जुना कॅट हाती लागला. मी एक्का आणि चौकी शेजारी-शेजारी धरले, चष्मा काढला आणि हात लांब करून कोपऱ्यांतले A आणि 4 बघितले.

दोन्ही सारखेच दिसले.