खो-खोच्या बाई आणि त्र्याऐंशी नंबरची गाडी

सुलेखा नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत अकरा वर्षं पी.टी.ची बाई होती. अंगाने काटकुळी, पण मैदानात उभी राहून शिट्टी फुंकली की कुंपणापलीकडचे सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबत, असं तिच्या मुली सांगायच्या. खो-खो म्हणजे तिचा जीव की प्राण. कोणती मुलगी कोणत्या पायावर उठते, खांबाशी वळताना कोणाचं पाऊल वाया जातं, हे तिला नुसत्या पावलांच्या आवाजावरून कळायचं.

मग २००० साली तिच्या नवऱ्याला, कुमारला, कंपनीने अमेरिकेत पाठवलं आणि दोघं नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला आली. कुमारचं बरं चाललं होतं. सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला मात्र नोकरी करायची परवानगी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये सुलेखा दोनदा झाडू मारायची, तीनदा ओटा पुसायची आणि उरलेला दिवस खिडकीशी काढायची. मैदानावरची बाई चार भिंतींत बसली की तिचे पाय दुखायला लागतात. तिचेही दुखत.

एका रविवारी खालच्या घरातून जमीन थरथरेल अशी भणभण ऐकू येऊ लागली. थांबेना. खाली एक म्हातारी एकटीच राहते, काही बिघडलं तर नसेल ना, म्हणून सुलेखा खाली गेली. दार मिस लॉरेटाने उघडलं. सत्तरीची बाई, तीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत काम करून निवृत्त झालेली. टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली होती आणि आवाज कळस गाठून होता.

"बस, हनी," लॉरेटा म्हणाली आणि शेंगदाण्यांचा वाडगा पुढे केला. "अजून नव्वद लॅप आहेत."

सुलेखा बसली. त्रेचाळीस गाड्या एकामागोमाग गोल फिरत होत्या; त्यात बघायचं काय, हे तिला कळेना. तेवढ्यात एक गाडी ट्रॅक सोडून आत आली, आणि बुटक्या भिंतीवरून सात माणसं तिच्यावर तुटून पडली. एकाने जॅक लावून गाडी उचलली, दोघांनी जुने टायर काढले, दोघांनी नवे आणले, एकाने पेट्रोल ओतलं, एकाने सांडणारं पेट्रोल डब्यात धरलं. पंधरा सेकंदांत गाडी पसार. कोणी कोणावर आदळलं नाही, कोणी कोणाला हाक मारली नाही.

सुलेखा उभीच राहिली. "अगं बाई, हा तर खो-खो आहे!" ती चक्क मराठीत ओरडली.

त्या दिवसापासून दर रविवारी ती खाली जाऊ लागली. सोबत नागपूरहून आणलेलं स्टॉपवॉच. शर्यत कोण जिंकतं ते लॉरेटा बघायची, आणि सुलेखा त्या सात जणांची वेळ लावायची. जाहिराती लागल्या की लॉरेटा तिला नियम समजावायची. वर्षभरात सुलेखाचं इंग्रजी इतकं तिकडच्या वळणावर गेलं की कुमारच्या ऑफिसातले लोक तिला विचारायचे, तुम्ही भारतात नेमकं कुठे हे शिकलात?

२००२ च्या वसंतात लॉरेटाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम सांगणारी बाई आठवड्यातून एकदाच यायची. बाकीचे सहा दिवस सुलेखाने ताब्यात घेतले. "मिस लॉरेटा, टाच आधी! मान वर! पुन्हा!" म्हातारी कुरकुरली, रुसली, एकदा तर तिने दार उघडलं नाही. पण जूनपर्यंत ती काठी घेऊन पार्किंगला फेरी मारू लागली.

लॉरेटाला बघायला तिचा भाचा आला, तेव्हा तिने हे सगळं त्याला सांगितलं. भाच्याचं नाव वेड. ते ऐकून सुलेखाला हसू आवरेना, आणि का हसते हे सांगितल्यावर तो तिच्याहून जास्त हसला. "बरोबर नाव ठेवलंय," तो म्हणाला, "कारण मी त्या भिंतीवरून उडी मारणाऱ्यांतला एक आहे." त्र्याऐंशी नंबरची गाडी चालवणाऱ्या एका लहानशा टीमसाठी तो पुढच्या बाजूचे टायर वाहून नेत असे. एकेक टायर चौतीस किलोंचा.

"माझ्या मावशीला तू चालवलंस," तो जाताना म्हणाला. "नोव्हेंबरात रॉकिंगहॅमला ये. दिवसभर आमच्यात राहा."

आतला पास एकच होता. लॉरेटा आणि कुमार यांच्यासाठी त्याने स्टँडची तिकिटं धाडली.

"अगं, चार तास गाड्या गोल गोल फिरणार," कुमार गाडी चालवताना कुरकुरत होता. "रविवारी मस्त झोपलो असतो यार."

"अहो, तुम्ही नुसतं मिस लॉरेटांच्या शेजारी बसा. त्या सांगतील तेव्हा ओरडा."

रॉकिंगहॅमला पोचले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. पाइनच्या झाडांमध्ये, वाळूच्या माळावर तो एक मैलाचा ट्रॅक पसरला होता, आणि भोवती जत्रा भरावी तशी माणसं. वेड फाटकाशी न्यायला आला. गळ्यात पास अडकवून सुलेखा आत शिरली. पायात तिचे पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, अंगात कुमारचं जॅकेट.

आत पाहावं ते नवल. त्र्याऐंशी नंबरच्या गाडीच्या दिव्यांना तिने हात लावला तर ते दिवे नव्हतेच, नुसती चिकटवलेली चित्रं! दार उघडायला गेली तर दारही नाही.

"मग ड्रायव्हर आत कसा जातो?"

"खिडकीतून," वेड म्हणाला. "आणि हरला तर शिव्याही खिडकीतूनच देतो."

एक माणूस प्रत्येक नव्या चाकावर पाच पाच नट पिवळ्या गोंदाने चिकटवत बसला होता, म्हणजे ऐन घाईत नट शोधत बसायला नको. सुलेखा त्याच्यापाशी उकिडवी बसली आणि बोट लावून पाहिलं. इथला ट्रॅक सँडपेपरसारखा, तो सांगत होता, टायर लोण्यासारखे खातो. म्हणून इथे शर्यत पळणाऱ्यांइतकीच आमचीही असते.

दहाच्या सुमाराला मोठ्या ट्रकामागच्या मोकळ्या जागेत सात जण सरावाला उतरले. गाडीच्या जागी प्लास्टिकचे चार कोन मांडले होते. त्यांचा कोच हॉलिस, पिकलेल्या मिशांचा, तोंडात काडी धरून उभा. सुलेखाने सवयीने स्टॉपवॉच काढलं.

पहिल्या खेपेला ती सगळ्यांकडे बघत होती. दुसऱ्या खेपेला फक्त वेडच्या पायांकडे. तिसऱ्या खेपेनंतर तिला राहवेना.

"वेड, तुझं एक पाऊल जास्त पडतंय."

सगळे वळले. आता तोंड उघडलंच होतं, तर सुलेखा पुढेच आली. "तू भिंतीवरून उजव्या पायावर उतरतोस. मग गाडीच्या नाकाशी वळताना पाय जुळत नाही, म्हणून तिथे एक तोकडं पाऊल टाकतोस. सहा होतात. डाव्यावर उतर, पाचात जाशील. बघ."

आणि ती धावली. टायर उचलणं तिला शक्य नव्हतं, पण दोन्ही हात समोर गोल धरून, एका लाकडी पेटीवरून उडी मारून ती डाव्या पायावर उतरली, कोनाशी खांबाला वळावी तशी खाली झुकून वळली आणि पलीकडे जाऊन थांबली. पाच पावलं. अडतीस वर्षांची बाई, वेणी पाठीवर उडतेय. जॅकवाल्याने शिट्टी वाजवली, बाकीच्यांनी टाळ्या.

हॉलिसने तोंडातली काडी काढली. "मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"मी शिकवायचे. शाळेत. खो-खो."

"तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही," तो सावकाश म्हणाला. "पण शर्यतीच्या दिवशी मी यांना बुटाची नाडीसुद्धा बदलू देत नाही."

सुलेखाने मान डोलावली. फायनलच्या सकाळी तिनेही कोणाला नवं काही करू दिलं नसतं. वेड मात्र बाजूला जाऊन दोन-तीनदा पेटीवर चढला आणि उतरला.

शर्यत सुरू झाली तेव्हा सुलेखा त्र्याऐंशीच्या जागेमागे, भिंतीपासून दोन हात दूर, कानांवर जाड हेडफोन लावून उभी होती. टीव्हीवरची भणभण आणि ही यांत काही नातंच नव्हतं. आवाज कानांत नाही, थेट बरगड्यांत शिरत होता. त्रेचाळीस गाड्या समोरून गेल्या की जॅकेटची बाही फडफडायची आणि रबराचे बारीक काळे कण केसांत येऊन बसायचे. तिला आपोआप हसू येत होतं, आणि ते थांबत नव्हतं.

त्र्याऐंशी पहिल्यांदा आत आली: सोळा सेकंद. दुसऱ्यांदा: पंधरा पूर्णांक नऊ. वेड दोन्ही वेळा उजव्या पायावर उतरला आणि नाकाशी अडखळला. गाडी बाविसावी होती. हॉलिस तोंडातली काडी चावत होता.

तिसऱ्या वेळी वेड टायर कवटाळून भिंतीवर उभा राहिला. त्याने वळून सुलेखाकडे पाहिलं. बोलून ऐकू येण्यासारखं नव्हतंच. तिने फक्त आपल्या डाव्या मांडीवर थाप मारली.

गाडी आली. वेडने उडी मारली. डावा पाय! नाकाशी झुकला, वळला, पाच पावलांत पोचला, आणि त्याच्यामागचा टायर बदलणारा आपसूक लवकर सुरू झाला. जॅक उतरला, गाडी सुटली. सुलेखाने घड्याळ दाबलं. पंधरा पूर्णांक दोन. सगळं श्रेय त्या एका पावलाचं नव्हतं, बाकीच्यांचे हातही त्या खेपेला छान चालले होते; पण आत येताना पुढे असलेल्या दोन गाड्या बाहेर पडताना मागे होत्या.

"शाब्बास रे!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. कोणाला ऐकू गेलं नाही. हॉलिस वळला, त्याने आपलं घड्याळ तिच्यासमोर धरलं, तिने आपलं त्याच्यासमोर. दोन्हींवर एकच आकडा. हॉलिस मिशीतल्या मिशीत हसला.

त्यानंतर वेड प्रत्येक वेळी डाव्यावरच उतरला. त्र्याऐंशी चौदावी आली. जिंकणाऱ्यांच्या हिशेबात चौदावा म्हणजे कोणीच नाही, पण या टीमचा त्या वर्षातला तो सगळ्यात वरचा नंबर होता. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर आला तो घामाने निथळत आणि पोरासारखा हसत. सात जणांनी मध्ये सुलेखाला उभं करून फोटो काढला; त्यात ती जॅकवाल्याच्या कोपराएवढी दिसते.

फाटकाशी कुमार आणि लॉरेटा वाट बघत होते. कुमारचा घसा पार बसला होता, नाक उन्हाने लाल, डोक्यावर नवी कोरी टोपी. "अगं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शेवटी चारही टायर कशाला बदलले? दोनच बदलले असते तर अकरावे आलो असतो!"

"आलो असतो?" सुलेखा म्हणाली.

"याला आता गप्प कर बाई," लॉरेटा म्हणाली. "शंभराव्या लॅपपासून माझंच ऐकेनासा झालाय."

तेवढ्यात हॉलिस मागून आला. "मॅडम, त्या खेळाचं नाव पुन्हा सांगा. आणि मंगळवारी आमच्या वर्कशॉपला येता का? पगार देता येणार नाही, तुमच्या व्हिसाचं वेडने सांगितलंय. पण जेवण चांगलं असतं."

मंगळवारी कुमारने रजा टाकली आणि दोन तास गाडी चालवून तिला नेलं. वर्कशॉपच्या अंगणात सुलेखाने खडूने चौकोन आखले, आणि एकेक धिप्पाड गडी एकाआड एक उलट दिशांना तोंडं करून उकिडवा बसवला. गुडघे कुरकुरले, कोणी मागच्या मागे कोलमडला, ‘खो’ म्हणताना सगळ्यांचं ‘को’ होत होतं. दुपारपर्यंत हॉलिससुद्धा आरडाओरडा करत खेळत होता. पुढे जवळजवळ दोन हंगाम ती महिन्यातून एकदा जात राहिली. २००४ नंतर रॉकिंगहॅमच्या त्या मोठ्या शर्यती बंद झाल्या, ती टीमही पांगली आणि वेड एका हायस्कुलात फुटबॉल शिकवू लागला.

सुलेखाच्या हातात कामाची परवानगी पडली ती २००७ च्या शेवटी. नोकरीसाठी एका प्राथमिक शाळेने शिफारसपत्र मागितलं, तेव्हा हॉलिसने पानभर लिहून पाठवलं, आणि नोकरी मिळाली. २००८ च्या मे महिन्यात त्या शाळेच्या क्रीडादिनाला वेड पाहुणा म्हणून आला आणि मुलांसोबत खो-खो खेळायला हौसेने मैदानात उतरला. चौथीतल्या एका मुलीने त्याला पहिल्याच मिनिटाला बाद केलं, आणि बाईंची शिट्टी पार हायवेपर्यंत गेली.