शेपटाकडून माथ्याकडे

टँकर परत आल्याचा फोन आला, तेव्हा मी बारामतीच्या ऑफिसात उन्हाळ्यातल्या कामांची यादी करत होते. फोन ठेवला, ती यादी बाजूला सारली आणि नवी सुरू केली. पहिली ओळ लिहिली : हे दूध कुठून आलं?

आमचा दूध संघ बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून गावोगावचं दूध गोळा करतो, थंड करतो आणि एका मोठ्या कंपनीला पाठवतो. मी संघाच्या संगणक विभागाची प्रमुख. कंपनीच्या प्रयोगशाळेत आमच्या दुधात औषधाचा अंश सापडला होता. आजारी गाईला अँटिबायोटिक दिलं की काही दिवस तिचं दूध विकायचं नसतं. तशा दुधाची एक किटली कूलरमध्ये ओतली गेली, तरी सगळं दूध वाया. हे दूध पळसदेव केंद्राचं होतं, आणि तिथला टँकर परत यायची ही पहिली वेळ नव्हती.

संचालकांच्या बैठकीत अध्यक्षांनी स्पष्टच सांगितलं. सगळा संघ त्यांना आबा म्हणतो. "आता आणखी एक टँकर माघारी आला, की पळसदेव बंद. लांबचं केंद्र, दूध थोडं आन् डोक्याला ताप जास्त."

पळसदेव बंद झालं, तर उजनीच्या काठावरच्या बायकांनी दूध घालायचं कुठे? दुसरं केंद्र किटली घेऊन चालत जाण्यासारखं नाही. मी उभी राहिले.

"आबा, दिवाळीपर्यंत मुदत द्या. गाय आजारी आहे हे संघाच्या गुरांच्या डॉक्टरांना माहीत असतं, केंद्राला नसतं. हा माहितीचा घोळ आहे, म्हणजे माझ्या खात्याचा."

"घ्या की. पर दिवाळीच्या बैठकीला मला कागद नगं, पास झालेले टँकर दाखवा."

त्या सुमारास मी एंटरप्राइज आर्किटेक्चर हा विषय ऑनलाइन शिकत होते. नाव भारदस्त, गोष्ट साधी. संस्थेतली कामं, माणसं, माहिती आणि यंत्रणा एकाच नकाशावर मांडायची, म्हणजे काय कशाला जोडलंय आणि कुठे तुटलंय ते दिसतं. हा नकाशा काढायच्या ठरलेल्या पद्धती असतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. त्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचे भक्त वेगळे.

मी काटछाट करत दोनवर आले. पहिली टप्प्यांची : संस्थेच्या ध्येयापासून सुरुवात करून कामं, माहिती, यंत्रणा असं खाली उतरायचं, आजचं चित्र काढायचं, उद्याचं काढायचं आणि मधलं अंतर भरत न्यायचं. दुसरी कोष्टकाची : काय, कसं, कुठे, कोण, केव्हा, का हे प्रश्न वरच्या ओळीत, डाव्या बाजूला मालकापासून मशीन चालवणाऱ्यापर्यंत एकेकाची नजर, आणि मधला प्रत्येक चौकोन भरायचा. पहिली कामाचा क्रम देते, दुसरी काय सुटलंय ते दाखवते. मला क्रम हवा होता, म्हणून मी पहिली निवडली आणि पुस्तकात होती तशीच्या तशी वापरायला घेतली.

संचालकांच्या मुलाखती झाल्या, विभागप्रमुखांच्या झाल्या, ध्येय लिहून झालं, तत्त्वं लिहून झाली. नकाशा इतका देखणा झाला, की मी तो फ्लेक्सवर छापून बैठकीच्या खोलीत लावला. डॉक्टर संध्याकाळी नोंद करतात, ऑफिस त्यावरून आजारी गाईंची यादी काढतं, यादी मेलने केंद्राला जाते. बाण अगदी सरळ होता. नकाशाप्रमाणे टँकर परत यायलाच नको होता.

आबांनी फ्लेक्स निरखला. "लग्नाचा हाय का वाढदिवसाचा?"

"आपल्या संघाचा आहे, आबा."

"ह्यात पळसदेव कुठं?"

मी खालच्या कोपऱ्यातला चौकोन दाखवला.

"तितं तुमी कवा गेला हुता?"

"अजून नाही. वरून क्रमाने खाली येतेय."

"ताई, तुमचं पाणी हापिसातच जिरतंय. शेपटाला थेंब जात न्हाय."

मला राग आला. घरी जाताना कालव्यावरून गाडी घेतली. पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं, कालवा भरून वाहत होता आणि आमच्या बाजूची सगळी दारं बंद होती. माझं सासर कालव्याच्या माथ्याकडे, माहेर शेपटाला. पाणी सुटलं की आधी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग वर वर येत माथ्याला, हा नियम मी लहानपणापासून पाहत आले आहे. उलट केलं, तर माथ्यालाच पाणी संपतं. मी पळसदेवचं काम माथ्यावरून सुरू केलं होतं. आबांवरचा राग तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी नवी यादी. पहिल्या फ्रेमवर्कमधून आजचं चित्र, उद्याचं चित्र आणि मधलं अंतर एवढंच ठेवलं. ध्येय आणि तत्त्वं पुढच्या वर्षावर टाकली, कारण दूध शुद्ध हवं यावर कुणाचं दुमत नव्हतं. दुसऱ्यातलं कोष्टक उचललं, त्यातली मालकाची ओळ सगळ्यात खाली नेली आणि केंद्राची वर आणली. ते रिकामं कोष्टक घेऊन पहाटे पळसदेव गाठलं.

धरणाचं पाणी उतरलं होतं, जुनं देऊळ उघडं पडलं होतं. केंद्र चालवणाऱ्या भाभी मशीनवर दूध मोजत होत्या. त्यांचे यजमान शेजारीच मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान चालवतात.

"ताई, ह्यो चौकोनांचा कागद कशापायी?" त्यांनी विचारलं.

"इथलं सगळं काम यात बसवायचंय, भाभी."

"काम बसंल. पर ह्या बायका बसतील व्हय?"

"आमी उभ्याच बऱ्या," रांगेतली एक म्हणाली. "बसायला येळ कुणाला हाय!"

'केव्हा'चा चौकोन लगेच भरला : ऑफिस उघडायच्या आत इथलं दूध ओतून झालेलं असतं. मेलबद्दल विचारलं, तर भाभी म्हणाल्या, "कसला मेल?" आमच्या सगळ्या याद्या न उघडता पडून होत्या. आणि उघडून तरी काय होणार होतं? 'कोण'च्या चौकोनात खरी मेख निघाली. डॉक्टर गाय लिहितात सासऱ्याच्या नावावर, दूध येतं सुनेच्या कोडवर, म्हणजे केंद्रातल्या तिच्या खात्याच्या नंबरवर. "तुमच्या यादीत म्हातारा, माझ्या मशीनमदी त्याची सून," भाभी म्हणाल्या, "आन् निम्म्या गावाचं आडनाव एकच." राहिला 'का'. औषध चालू आहे हे बायका स्वतःहून का सांगत नाहीत? कारण दूध परत गेलं की खाडा पडतो आणि दिवाळीचा बोनस कमी होतो.

फ्लेक्सवरच्या एका सरळ बाणात इतक्या फटी होत्या. त्या दिसल्यावर उद्याचं चित्र भाभींच्या टेबलावरच काढून झालं. डॉक्टरांनी गोठ्यातच मोबाइलवर गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा, तो सुनेच्या कोडला आधीच जोडलेला असेल. नोंद ऑफिसात न थांबता थेट केंद्राच्या मशीनवर जाईल आणि दूध चांगलं होईपर्यंत तो कोड लाल दिसेल. लाल दिवसांचा खाडा धरायचा नाही. हे शेवटचं आबांकडून मंजूर करून आणलं.

डॉक्टर कुरकुरले. "मॅडम, मी डॉक्टर आहे का तलाठी?"

"तलाठ्याला इतकं सोपं ॲप मिळत नाही, डॉक्टर."

हसले आणि शिकले. भाभी आणि मी घरोघर फिरून बिल्ले आणि कोड जुळवले. माझ्या विभागातल्या मुलींनी मशीनचा प्रोग्रॅम बदलला.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मी तिथेच होते. एका सुनेने किटली ठेवली आणि मशीन लाल झालं.

"अगं बया, माझं दूध लाल?"

"दूध पांढरंच हाय गं," भाभी म्हणाल्या. "तुज्या गाईला काल सुई दिली न्हवं? ने माघारी. खाडा पडत न्हाय आता."

"खरंच न्हाय पडत?"

"आबांची सही हाय."

ती हसत किटली घेऊन गेली. जुन्या पद्धतीत ते दूध कूलरमध्ये गेलं असतं आणि त्याबरोबर केंद्रही. टँकर निघाला. प्रयोगशाळेचा फोन येईपर्यंत मी भाभींनी दिलेला चहा तसाच धरून उभी होते. "पास," पलीकडून आवाज आला. भाभींनी रांगेकडे वळून ओरडून सांगितलं आणि रांगेत टाळ्या पडल्या. चहा गार झाला होता, मी तो एका घोटात संपवला.

त्यानंतर दिवाळीपर्यंत पळसदेवचा एकही टँकर परत आला नाही. बैठकीत आबांनी पासच्या पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि केंद्र चालू ठेवायचा ठराव स्वतः मांडला. हात सगळ्यांचे वर गेले. मग ते माझ्याकडे वळले. "ही तुमची पद्धत बाकीच्या केंद्रांस्नी कवा लावताय?"

मी पर्समधून यादी काढली. वरती पळसदेव, त्याखाली इंदापूर तालुक्यातली बाकीची टोकाची गावं, मग एकेक करत पश्चिमेकडे, पार मोरगाव, लोणी भापकरपर्यंत.

आबांनी चष्मा लावून ती शेवटापर्यंत वाचली. "आन् आपलं हेड ऑफिस?"

"सगळ्यात खाली बघा, आबा. माथ्याची पाळी शेवटी."

सगळी खोली हसली, आबा सगळ्यात मोठ्याने. मी पेन काढलं आणि पळसदेववर काट मारली.