साडभाऊंची ठिपक्यांची वही

केशोरीच्या पंचक्रोशीत पोलिसाला भिणारी माणसं होती, वाघाला भिणारी होती. पण झाडून साऱ्यांना ज्याचा संशय यावा असा माणूस एकच, माझे साडभाऊ, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. संशय घेणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. घरची धानाची शेती असलेला गृहस्थ भर दुपारी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवा पडून भाताच्या बांधीतल्या वाहत्या पाण्याला कान लावतो, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असणारच! विचारलं तर म्हणाले, "पानी ताल सोडून राहिलं गुरुजी. समेवर कुठं येते पाहून राहिलो."

त्यांचे स्वतःचे ताल साडेनऊ मात्रांचे. धान कांडणाऱ्या बायकांना ते "तिसरा घाव जरा उशिरा घाला वो" म्हणून सांगत. एकदा एकीनं मुसळच उगारलं. स्वतः रचलेल्या कवितेत मधेच एक ओळ कोरी सोडत. का, तर तिथं टिटवी बोलेल. मी म्हटलं, "अन् नाही बोलली तं?" "तं थांबाचं. आपल्याले कायची घाई हाय?" असा माणूस एक तर महात्मा असतो, नाहीतर लबाड, आणि महात्मा सासुरवाडीत चार वेळा भात मागून घेत नाही.

रोवणीच्या दिवसांत ते वही घेऊन धुऱ्यावर उभे राहत. धानाचं रोप लावणाऱ्या बाईचा हात चिखलात गेला की ठिपका, वर आला की रेघ, आणि त्यावर गाणं. ही लिपी त्यांनी माझ्या ओसरीवर, मांडीवर थापा मारून मला शिकवली होती. मी ती कुणाला कळू न देता शिकलो, कारण शाळामास्तराला असले नाद शोभत नाहीत. पण मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेलेली आणि जमिनींच्या नव्या नोंदी चाललेल्या. धुऱ्यावर उभा राहून जो लिहितो तो जमीन नेतो, एवढं शिक्षण गावाला शाळेवाचून मिळालं होतं. एके दिवशी लोकांनी वही हिसकावली आणि साडभाऊंसकट शाळेत माझ्यापुढे आणली.

"गुरुजी, हा कोनाची जमीन लिहून राहिला? सांगा, नाही तं चुलीत घालतो."

सात पावसाळ्यांची गाणी होती त्या वहीत, आणि दुसरी नक्कल नव्हती. साडभाऊ मात्र निवांत. "गाऊन दाखवा न गुरुजी. बाया आपला हात ओळखतीन."

सारं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मला लाज वाटली. वही मिटून मी म्हणालो, "यात काही नाही गा. डोकं फिरलं हाय यांचं, बस." लोक पोट धरून हसले आणि वही देऊन टाकली.

शाळेतून परतताना साडभाऊंनी वही धोतराच्या सोग्यानं पुसली. मग म्हणाले, "उपकार झाले तुमचे." साडू साडूला टोमणा मारतो, उपकार मानत नाही. ते मला फार लागलं.

पुढंही ते दिवाळीला आमच्याकडे येत, पोटभर जेवत, मुलांची चौकशी करत. माझा संशय कधीच विरला होता, पण त्यांनी माझ्यासमोर पुन्हा वही उघडली नाही, आणि मलाही ती मागायचा धीर झाला नाही.