डॅशबोर्डमधल्या अक्षता

ती घटना आजही आठवते. आठवली की आधी हसू येतं आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटते. मोबाईलवर नकाशे यायच्या आधीचे दिवस. मी पंचवटीकडच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एक द्राक्ष व्यापारी तक्रार घेऊन आले. वडिलांच्या जुन्या मोठ्या गाडीत त्यांनी नवा म्युझिक सेट बसवला होता, पडद्यावर रस्ता दाखवणारा, बाईच्या आवाजात वळणं सांगणारा. दसऱ्याला त्याची पूजा झाली, सगळे वणीला दर्शनाला जाऊन आले, आणि सकाळी पाहतात तर सेट गायब.

पंचनामा केला. काच शाबूत, कुलूप शाबूत, एकही वायर कापलेली नाही. एवढं नीटनेटकं काम माहितगाराचंच. त्यात ठाण्यात निनावी फोन आला, "ज्यानं बसवला त्यालाच विचारा." फोन त्याच्या नव्या दुकानावर जळणाऱ्या कुणाचा असेल, हे तेव्हा सुचलं नाही. मला तेवढं पुरे झालं.

फिटर मूळचा मालेगावचा. घरचे यंत्रमाग सोडून त्यानं दोनच महिन्यांपूर्वी नाशकात दुकान टाकलं होतं. त्याला बाकावर बसवून मी चार तास उलटसुलट विचारलं.

"साहेब, मी नाही नेला," तो म्हणाला. "पण मला इथं आणलंय हे बाजारात कळलंय. आता माझ्या हातात गाडीची चावी कोण देणार?"

शेवटी त्याला व्यापाऱ्याच्या घरी गाडीपाशी नेलं. त्यानं रिकाम्या खाचेत बॅटरीचा उजेड टाकला आणि थबकला.

"साहेब, आत तांदूळ कसे? मी हवा मारून सगळं साफ केलं, मग सेट बसवला. पूजा तर त्याच्यानंतर झाली ना? तेव्हा हे भोक बंद होतं."

कुंकू लावलेले चार-पाच दाणे. सकाळी मीही ते पाहिले होते आणि पूजेचेच म्हणून सोडून दिले होते. पूजा झालेली वस्तू हलवायची तर आधी अक्षता वाहून उत्तरपूजा करायची, हे मला लहानपणापासून माहीत. दसऱ्याच्या अक्षता तर वणीला जाऊन येईपर्यंत कधीच सांडून गेल्या असणार; हे दाणे नंतरचे. चोर कशाला उत्तरपूजा करत बसेल? मी ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या व्यापाऱ्याच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी पेपर आणखी वर धरला.

"बाबा, सेट कुठे आहे?"

"गव्हाच्या कोठीत हाय," पेपरामागून उत्तर आलं. "काल मी म्हणत होतो, दिंडोरीवरनं चल. ती बया म्हणे हायवेनं चला. आन् पोरगं मला म्हणतं, बाबा, थांबा जरा, तिला बोलू द्या! चाळीस वर्सं वणीला जातोय मी. माझ्याच गाडीत मला गप बसवलं, साहेब."

आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी खोलणाऱ्या माणसाला चार स्क्रू काय जड! सकाळी मुलगा तक्रार द्यायला निघाला, तेव्हा त्यांना खरं बोलायची लाज वाटली. मुलाला हसावं की चिडावं कळेना. मला मात्र हसू आवरेना.

इतक्यात म्हाताऱ्यांचं लक्ष फिटरकडे गेलं. "याला धरलं व्हतं?" त्यांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ते फिटरच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले. येईल त्याला सांगायचे, "सेट मी काढला व्हता. हा पोरगा लय चोख हाय." गिऱ्हाईक पुन्हा येऊ लागलं.

मीही गेलो, गणवेशातच, आणि चारचौघांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, मला बाकावर बसवायच्या आधी गाडी दाखवली असती, तर चार तास वाचले असते."

एवढं साधं शहाणपण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. ज्याच्यावर संशय आहे, त्यालाच त्या कामातलं सगळ्यात जास्त कळत असतं, हे मी निवृत्त होईपर्यंत विसरलो नाही. माफी मागितली त्या दिवशी माझी स्वतःची गाडी त्याच्या दुकानासमोर उभी केली, चावी त्याच्या हातात दिली आणि सगळ्या बाजारातून चालत ठाण्यात गेलो.