मोबाईलने लिहिलेली आजी

माझ्या धाकट्या भावाने ब्राह्मणपुरीच्या घरात मुलीसाठी अभ्यासाची खोली केली आणि मला शहाद्याहून मुद्दाम बोलावून घेतलं. माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, तेव्हा माझ्या तोंडची शाबासकी त्याला हवी होती. "अक्का, एकडाव ई देखी जाय," असं त्याने फोनवर इतक्यांदा म्हटलं की शेवटी गेले.

खोलीत एसी होता. फिरती खुर्ची होती, तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. भिंतीवर रंगीत वेळापत्रक चिकटवलेलं. पहाटे ध्यान, मग सकारात्मक विचार, मग उजळणी, संध्याकाळी 'कुटुंबासोबत दर्जेदार वेळ'. मी विचारलं, हे कुणी केलं? भाऊ खुलून म्हणाला, "एआयनी! मी नुसतं सांगं, त्यानी लगेच करी दिन्हं." ऊन गोठ्यात शिरेपर्यंत स्वतः अंथरुणात लोळणारा हा माणूस. पोरीने मात्र पहाटे उठून ध्यान करायचं.

हे खूळ त्याच्या डोक्यात एका व्याख्यानातून शिरलं होतं. एआयच्या युगात मुलांना अभ्यासाच्या सवयी कशा लावाव्यात, हे सांगायला कुणीतरी मोठ्या शहरातून शहाद्याला आला होता. मीही गेले होते. मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका, असं वक्ता घसा ताणून सांगत होता आणि समोर बसलेले बाप माना खाली घालून मोबाईल चाळत होते. टाळ्यांच्या वेळी तेवढ्या माना वर व्हायच्या. माझा भाऊ पहिल्या रांगेत होता. त्याने व्याख्यान ऐकलं नाही, पूर्ण शूट केलं.

भाची सातवीत. खुर्ची रिकामी ठेवून ती खाटेच्या कडेला बसली होती. बाप म्हणाला, हिचा निबंध तर ऐक, सरांनी शाळेच्या ग्रुपवर टाकला आहे. आणि 'माझे गाव' हा निबंध त्याने स्वतःच मोठ्याने वाचायला घेतला. निसर्गाच्या कुशीत वसलेलं गाव, खळखळ वाहणारा झरा, नारळाची झाडं. आमच्या सपाट, पपईच्या आणि उसाच्या शिवारात झरा कुठून आला, नारळ कुणी लावले, हे वाचणाऱ्याला सुचलं नाही. पुढे वाक्य आलं, 'रोज संध्याकाळी माझी आजी मला तुळशीजवळ बसून गोष्टी सांगते.'

आमची आई तर ही पोर जन्मायच्या आधीच गेली. तिला धड गोष्ट सांगता यायची नाही. निम्म्यात झोप लागायची तिला. तिच्या पोटच्या पोराने हे वाक्य कौतुकाने वाचलं आणि तसाच पुढे गेला. खाली सरांचा शेरा होता, 'अतिशय भावपूर्ण.' माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हाई आजी कोन शे?" मी भाचीला विचारलं.

"माले काय माहीत, फुई." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. "मोबाईलनी लिखं. मी फक्त उतारं."

भावाने मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "अक्का, तुले काय करनं शे? मार्क भेटनात ना?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सर तरुण, नीटनेटके, बोलायला गोड. मी म्हटलं, हा निबंध मुलीचा नाही हे तुम्हाला कळलं नाही? ते हसले. "मॅडम, सगळ्यांचेच तसे असतात. आम्हीही आता शेरे मोबाईलकडूनच काढून घेतो. वेळ वाचतो." म्हणजे एका यंत्राने आजी लिहिली, दुसऱ्या यंत्राला गहिवर आला आणि मध्ये एका मुलीची बोटं दुखली. एवढाच तो अभ्यास. वाचलेल्या वेळाचं सर काय करतात, ते मी विचारलं नाही. त्यांचा मोबाईल टेबलावर उजळत होता, लक्ष तिकडेच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी भाचीला माझ्या घरी आणलं. सुट्टीच्या अभ्यासात गावावरच आणखी एक निबंध होता. अट एकच घातली. आधी स्वतः लिहायचं, चुकीचं का होईना. मग हवं तर मोबाईलला विचारायचं. सकाळी चहा झाला की जेवणाची भांडी मांडेपर्यंत बसायचं, उठायचं नाही. मीही समोर माझं पुस्तक घेऊन बसायची. मुलांना बसायला सांगायचं आणि आपण टीव्ही लावायचा, हा धंदा मला जमत नाही.

पहिल्या दिवशी ती नुसती रडली. "माले काही सुचत नई," म्हणाली. मी म्हटलं, नको सुचू दे, बस. दुसऱ्या दिवशी माझा इतका राग केला की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवली. मग कधीतरी तिने लिहिलं, आमच्या गावात पपईच्या गाड्या भरतात. मी विचारलं, भरतं कोण? तिने लिहिलं, माझी माय आणि बाया फळं कागदात गुंडाळतात. मी विचारलं, मग? तिने एक ओळ लिहून खोडली. मग खाली मान घालून लिहिलं की पपईच्या चिकाने मायच्या हाताची सालं निघतात, पीठ मळताना तिला झोंबतं, म्हणून गाड्या भरायच्या दिवसांत भाकरी मी थापते, त्या वाकड्या होतात आणि बाबा हसतात.

लिहिणं ओबडधोबड होतं. अर्धं अहिराणीत, अर्धं शाळेच्या मराठीत. मी दुरुस्त केलं नाही.

"आते मोबाईलले दाखाडू?" तिने विचारलं. अट तशीच होती, मी हो म्हटलं. तिने निबंध आणखी छान करून मागितला. मोबाईलने तो केलाही. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. त्यात 'कष्टाळू माता' होती, 'घामाचे मोती' होते, 'मायेने भरलेली शिदोरी' होती.

"फुई, मन्ही मायना हात कोठे गयात?" ती ओरडली. "यानी हात काढी टाका!"

मोबाईल आपटेल की काय असं वाटलं मला. आपटला नाही. उलटा ठेवला आणि आपला कागद पुढे ओढला. माझ्या सगळ्या नोकरीत एखाद्या मुलाला स्वतःच्या वाक्यासाठी असं चिडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

शाळेत त्या निबंधाला जेमतेम मार्क मिळाले. 'माय' खाली लाल रेघ, 'झोंबतं' खाली लाल रेघ, शेरा 'भाषा सुधारावी.' हा शेरा सरांनी स्वतः लिहिला होता, एवढीच काय ती प्रगती. भाऊ फोनवर माझ्यावर उखडला. "अक्का, तू पोरगीनं वाटोळं करी ऱ्हायनी! जमाना कोठे चालना आनि तू कोठे शे!" मी विचारलं, तू निबंध वाचलास का? म्हणाला, वेळ नाही भेटला. मी फोन ठेवला.

निबंध वाचला तो भाचीच्या मायने, माझ्या भावजयीने. तिला वाचायला वेळ लागतो. अक्षर जोडत वाचते. वाचून तिने कागद घडी घालून जपून ठेवला, असं भाचीने सांगितलं. आणि त्या संध्याकाळी बाप वाकड्या भाकरीला हसायला लागला, तेव्हा भावजय त्याच्या ताटासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "हसू नका." आणि तो मुकाट्याने जेवला.

भाची अजून गणिताला मोबाईल विचारते, इंग्रजीला तर सर्रास. पण निबंध आला की तो उलटा ठेवते. परवा फोनवर कुरकुरत होती की सरांनी आता 'पावसाळ्यातील एक दिवस' दिला आहे. "मंग?" मी विचारलं.

"मंग काय. कोरी वही समोर, बठी ऱ्हायनू."