घुटमळणारा कर्सर

संशोधक आणि ग्रंथपालांनी एकत्र काम करायला कोणतं ऑनलाइन साधन घ्यावं, हे ठरवण्यासाठी ग्रंथालयाने मला आणि इनामदारबाईंना अशाच एका साधनात, दोघांनी एकाच वेळी उघडून लिहायची, हस्तलिखितांची एक यादी चाचणीला दिली. बाई नागपुरात, मी साताऱ्यात. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. एका पोथीचा काळ त्यांनी चुकीचा लिहिलाय असं मला वाटत होतं, पण सांगायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या नावाचा निळा कर्सर त्याच ओळीवर आला. त्यांनी शतक खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मी बघतच राहिलो. इतकी वर्षं त्यांचे छापील निबंध वाचले, पण छपाईत ही घालमेल कधी उतरली नव्हती. पक्क्या वाक्यांमागे माणूस किती वेळ असा उभा असेल, कुणास ठाऊक.

मी बाजूला टिपण लिहिलं, "बाई, कागद बराच नंतरचा वाटतो."

लगेच उत्तर आलं, "मलाही तेच वाटतंय. मग सांगितलं का नाही? तुमचा कर्सर मघापासून इथेच घुटमळताना दिसतोय मला."

शिफारशीत मी सोयींबद्दल फारसं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की इथे शंका झाकता येत नाही, म्हणून विचारायला सोपं जातं.