नातीनं घराचा आवाज भरून नेला

बायांनो, आज आमच्या पोशीरच्या घरात शूटिंग झालं. नात कॉलेजात मीडिया का काय ते शिकते, तिची ही पहिली फिल्म. सत्तर-ऐंशी सालात आमी बाया टोळीनं भातलावणीला कशा जायचो, ते तिला पाहिजे होतं. त्या टोळीतली आता मीच उरलेय, म्हणून मी हिरोईन.

बोलले झक्कास. चिखलात कोण उताणी पडली, कुणाची सासू बांधावरून शिव्या घालायची, सगळं सांगत सुटले. तिच्याबरोबरची पोरं पोट धरून हसत होती.

रंगात आले तर नात म्हणते, "आजी, आता एक मिनिट गप्प बस. घराचा आवाज घ्यायचाय."

"घर बोलतं का गं?"

"कुणी बोलत नसताना घर कसं ऐकू येतं, ते रेकॉर्ड करायचं. फिल्मला लागतं."

"त्याला मशीन कशाला? मी रोज फुकट ऐकते."

"आजी, प्लीज!"

बसले गप्प. घरात एवढी माणसं आणि कुणी तोंड उघडंना, मयताला बसल्यासारखी.

"मस्त मिळाला," म्हणाली, आणि लागली सामान भरायला.

"राहा की गं आज. भाकऱ्या टाकते."

"उद्या फिल्म जमा करायचीय गं आजी."

रिक्षा आली, गेली पोरं नेरळ स्टेशनला.

आवाज नेला म्हणतात, पण तो तर सगळा इथंच हाय. आणि माझं लावणीचं निम्मं सांगायचं राहिलंय. फोनवर ऐकायला कोण मोकळी हाय गं?